काळ्या मातीतली चाकोरी

बीडकडच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. वर्गात ते वाहतुकीचा इतिहास शिडीसारखा शिकवतात: आधी माणूस पायी, मग बैलगाडी, मग आगगाडी, मग मोटार, शेवटी विमान. एका पोराने हात वर केला आणि विचारलं, ‘सर, बीडात येष्टी माझ्या आज्याच्या लहानपणापासून आहे आणि रेल्वे आत्ता आली. मग आपण शिडी उलटी चढलो का?’ सरांना उत्तर सुचलं नाही. मराठवाड्यात नेमकं कसं झालं ते सविस्तर सांगा, असं ते म्हणतात.

सर, त्या पोराला शाबासकी द्या आणि शिडी फळ्यावरून पुसून टाका. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात 35 वर्षं रस्ते केले, बहुतेक जालना, परभणी आणि बीड या तीन जिल्ह्यांत. माझे आजोबा बैलगाडीची चाकं करणारे सुतार. दोन्ही धंद्यांतून मला एकच कळलं: वाहनाकडे बघत बसलं तर हा इतिहास उलगडत नाही, चाकाखाली काय आहे ते बघावं लागतं. आपल्याकडे चाकाखाली काळी माती आहे.

ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसते. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात तीच लोण्यासारखी होते. कापसाला, ज्वारीला सोनं, रस्त्याला वैरी. कोरडी असताना भरलेला ट्रक पेलेल, भिजल्यावर सायकलही पेलणार नाही. त्यामुळे मराठवाड्यात वाहतुकीचे खरे काळ दोनच होते, दसरा ते मृग आणि मृग ते दसरा. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला शिलंगण करून मोहिमेवर निघत, त्यात धर्म होताच, पण तोवर वाटा वाळलेल्या असत हेही होतं. आजही बीडची ऊसतोड मंडळी दसरा-दिवाळीच्या सुमारासच कोयते बांधून कारखान्यांकडे निघतात.

माझी एक फजिती सांगतो, म्हणजे माती म्हणजे काय ते कळेल. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. एका गावाला जोडरस्ता करायचा होता. जुनी गाडीवाट होती, पण सापासारखी वळवळत माळाच्या कडेने आणि एका नाल्याला वळसा घालून जाणारी. मी नकाशावर पट्टी ठेवली, सरळ रेघ मारली आणि पाऊण किलोमीटर वाचवलं म्हणून खूश झालो. काळ्या रानातून भराव, वर मुरूम, वर खडी, रोलर. अंदाजपत्रकात बसावा म्हणून मुरुमाचा थर पातळ धरला आणि बाजूची नाली पुढच्या वर्षावर ढकलली. पहिल्याच जुलैत येष्टी मधोमध रुतली, मागची चाकं पार आसापर्यंत. खडी खाली गेली होती आणि चिखल वर आला होता; बुटाने दाबलं की रस्ता खरवसासारखा हलायचा. चार बैल लावून गाडी काढली. ज्यांचे बैल होते ते म्हातारबा मला म्हणाले, “सायब, गाडीवाट वाकडी व्हती ती काय उगंच नव्हती. तिच्याखाली मुरूम हाय.” मी खोदून पाहिलं. जुन्या वाटेखाली वीतभर मातीनंतर मुरूम लागला. माझ्या सरळ रेघेखाली दीड परस, म्हणजे दीड माणूस खोल, काळी माती निघाली.

त्यानंतर जुनी गाडीवाट दिसली की मी ती पुसायला कधी गेलो नाही.

आता चाकाकडे येऊ. आमच्या दारात चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, बसवायची असली की सकाळपासून पोरं जमायची. बाभळीचं चाक तयार असायचं: मधे तुंबा, त्यातून निघालेले बारा आरे, बाहेर सहा पुठ्ठे. लोखंडाची धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान केलेली. गोवऱ्यांचा गोल रचून त्यात ती लालबुंद तापवायची. तापली की पसरते. मग लोहार आणि दोघं-तिघं मोठ्या सांडशींनी ती उचलून चाकावर बसवायचे, वरून घण आणि लगेच घागरीमागून घागर पाणी. वाफेच्या ढगात चाक दिसेनासं व्हायचं. धाव आवळत गेली की आरे तुंब्यात घट्ट बसताना करकरायचे. आजोबा डोळे मिटून तो आवाज ऐकायचे. कुठे पोकळ वाजलं तर म्हणायचे, “ह्ये उन्हाळ्यात बोंबलनार.” कारण उन्हात लाकूड सुकलं की धाव ढिली पडते. मग शेतकरी गाडी नदीच्या डोहात उभी करायचे, चाकं पाणी पिऊन फुगेपर्यंत. फुगणारी माती आणि फुगणारं लाकूड, या दोघांच्या भांडणात आमच्या घराची चूल पेटायची.

ही धाव जेमतेम दोन इंच रुंद. सगळा भार तेवढ्या पट्टीवर येतो, त्यामुळे ती जमीन कापत जाते आणि दोन समांतर खाचा पडतात. ती चाकोरी. एकदा चाकोरी पडली की पुढच्या गाडीला तिच्यातूनच जावं लागतं, आणि त्यासाठी दोन चाकांमधलं अंतर त्या भागातल्या सगळ्या गाड्यांना सारखं हवं. आजोबांकडे त्या मापाची एक काठी होती. बाहेरगावच्या मापाची गाडी आली तर एक चाक खाचेत आणि एक वर, गाडी लंगडत चालायची. आपण ‘चाकोरीबाहेरचं’ म्हणून कौतुक करतो ना, गाडीवानाला त्यात कौतुक वाटलं नसतं. चाकोरी कुणी पाडली, किती रुंद पाडली आणि खाली काय होतं, हे तीन प्रश्न मनात ठेवून पुढचं वाचा.

चाक आपल्याकडे किती जुनं? 1974 साली प्रवरेकाठी दायमाबादला, म्हणजे आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, काशाच्या चार वस्तू सापडल्या. त्यातली एक म्हणजे दोन बैल जोडलेला दोन चाकी रथ आणि त्यावर उभा हाकणारा. किमान साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, बरेच अभ्यासक त्याहून जुनी मानतात. मला त्या रथाचं नवल नाही. जू आणि दांडी बघितली की आपलीच गाडी वाटते, याचं नवल आहे.

पुढे सातवाहनांचं पैठण. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची टिपणं केली, ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जातात. त्यात आपली दोन गावं आहेत, पैठण आणि तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तो म्हणतो, भडोच बंदरापासून पैठण 20 दिवस, तिथून पूर्वेला तगर आणखी 10 दिवस. पैठणहून अकीकाचे दगड आणि तगरहून कापड, मलमल गाड्यांवर लादून भडोचला येतं, आणि तेही वाटा नसलेल्या मोठ्या मुलखातून. आता हिशेब करा. पैठण ते तेर आजच्या रस्त्याने 200 किलोमीटरच्या आतबाहेर. 10 दिवस म्हणजे दिवसाला 20 किलोमीटर. भरलेल्या गाडीला आजोबांच्या काळातही दिवसाचा पल्ला तेवढाच होता. मधली एकोणीसशे वर्षं बैलाची चाल एका कोसानेही वाढली नाही.

या वाटेचा पुरावा कन्नडजवळ पितळखोऱ्याच्या लेण्यांत आहे. सातमाळ्याच्या डोंगरातून खानदेशात उतरणाऱ्या वाटेवर ही लेणी आहेत आणि तिथल्या एका लेखात पैठणच्या गंध विकणाऱ्या माणसाने दान दिल्याचं कोरलं आहे. घाट उतरण्याआधी लेण्यात मुक्काम, भिक्खूंना दान, सकाळी उतरणी. पश्चिमेकडे कोकणच्या बंदरांसाठी नाणेघाट होता. तिथे सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही. वाट झाली की जकात आलीच, टोलनाक्यावर चिडणाऱ्यांनी एकदा तो रांजण बघून यावा.

यानंतर पुस्तकं थेट आगगाडीवर उडी मारतात आणि मधला सगळ्यात मोठा वाहतूकदार गाळतात. तो म्हणजे लमाण. लमाणांच्या तांड्यांनी कित्येक शतकं दख्खनचं धान्य आणि मीठ वाहिलं, आणि त्यांच्याकडे चाक नव्हतं. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी गोणी, बस्स. चाक नाही म्हणजे चाकोरी नको, पूल नको, घाटाचा रस्ता नको. बैल वाटेत चरतो, त्यामुळे वैरणीचा खर्च नाही. एका बैलावर गाडीच्या मानाने माल थोडा, पण बैल हजारोंनी. सतराव्या शतकात तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतहून औरंगाबादमार्गे गोवळकोंड्याला गेला. त्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहिलं आहे. असा तांडा समोरून आला की तो पुरता जाईपर्यंत गाडीवाल्याला कधीकधी दोन-तीन दिवस खोळंबावं लागे. मोगलांच्या दख्खनेतल्या फौजा या तांड्यांच्या धान्यावर जगल्या. शिडीच्या हिशेबाने पाठीवरचा बैल ही गाडीच्या खालची पायरी. प्रत्यक्षात दायमाबादच्या गाडीनंतर तीन हजार वर्षांनीही पाठीवरचाच बैल वरचढ होता. कारण माती.

राजांनी रस्ते केले नाहीत असं नाही. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली. इब्न बतूता लिहितो की दिल्लीहून तिथवर 40 दिवसांची वाट होती आणि दुतर्फा झाडं अशी की बागेतून चालल्यासारखं वाटावं. पण सावली आणि डाक-चौक्या वेगळ्या, पावसाळ्यात गाडी जाईल असा पाया वेगळा. तो त्या काळात कुणाकडेच नव्हता.

नदीचंही तसंच. पूल नव्हते, उतार होते. उतार म्हणजे जिथे पात्र पसरट, तळ खडकाळ आणि पाणी गुडघाभर. 23 सप्टेंबर 1803 ला आपल्या जालना जिल्ह्यात असईची लढाई झाली. शिंदे-भोसल्यांची फौज केळणा नदीपलीकडे. वाटाड्यांनी इंग्रज सेनापती वेलस्लीला सांगितलं, जवळपास उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं, तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं. तो म्हणाला, एवढी जवळजवळ गावं आहेत म्हणजे मधे उतार असलाच पाहिजे. होता. तिथून तोफा पार झाल्या. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा माणूस इथे एक साधी गोष्ट ओळखून जिंकला, की गावं वाटेला धरून वसतात. पुलाची जागा शोधताना मी ही युक्ती दोनदा वापरली, दोन्ही वेळा खडक लागला. उतार नसला तर सांगडीवर, नाहीतर गुळाच्या काहिलीत बसून पार व्हायचं. त्याला जुनाट म्हणून हसू नका. जायकवाडीच्या फुगवट्यात गेल्या काही वर्षांपर्यंत पोरं थर्माकोलच्या तराफ्यावरून शाळेत जात होती.

आता आगगाडी. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, हे सगळ्यांना पाठ असतं. आपल्याकडे ती सुमारे 1900 साली आली, गोदावरी खोऱ्यातून मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी हैदराबादकडे. रूळ म्हणजे तरी काय? लोखंडाची चाकोरी. कायमची, पावसाळ्यातही न बुडणारी. दिवसाला 20 किलोमीटर जाणारा माल एका रात्रीत मनमाडला. जालन्याचा कापूस आणि ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आठवा.

पण आजोबांच्या काठीची गोष्ट इथे पुन्हा येते. निजामाच्या या मार्गाचं माप मीटरगेज, रुळांत 1000 मिलिमीटर अंतर. मुंबईकडच्या मोठ्या रेल्वेचं ब्रॉडगेज, 1676 मिलिमीटर. मीटरगेज स्वस्त पडायचं म्हणून ते घातलं. मग मनमाडला काय व्हायचं? मराठवाड्याची प्रत्येक गासडी डब्यातून उतरायची, हमालाच्या पाठीवरून फलाट ओलांडायची आणि दुसऱ्या डब्यात चढायची. उतरवण्याची मजुरी, फुटतूट, चोरी, वेळ, सगळं आपल्या मालाच्या अंगावर. 1990 च्या दशकात ही लाइन रुंद झाली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं आपण बाहेरगावच्या मापाची गाडी होतो, एक चाक खाचेत, एक वर.

लातूरचं माप तिसरंच. बार्शी लाइट रेल्वे, रुळांत अवघे 762 मिलिमीटर. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभी केली; 1897 ला बार्शी, 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. हा माणूस मला आवडतो. हलका रूळ टाकायचा तर भार सगळ्या आसांवर सारखा वाटा, एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त येऊ देऊ नका, हा त्याचा हिशेब. चाकाखालच्या जमिनीचा आधी विचार करणारा. (याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारायची हवाई छत्री बनवली. तिथे चाकाखाली जमीनच नाही.) 2008 पर्यंत लातूर ते कुर्डुवाडी ही लाइन ब्रॉडगेज झाली, पुढे मिरजेपर्यंतही झाली. आणि 11 एप्रिल 2016 ला मिरजेहून 10 टँकर-वाघिणी निघाल्या, प्रत्येकीत 50 हजार लिटर पाणी, दुसऱ्या दिवशी पहाटे तहानलेल्या लातुरात पोचल्या. मुलांना नकाशा दाखवा: मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी टाउन, लातूर. ती कॅल्थ्रॉपचीच वाट. माप बदललं नसतं तर त्या वाघिणी या वाटेने कुर्डुवाडीलाही पोचल्या नसत्या.

तुमच्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. निजामाला हैदराबाद मुंबईच्या मार्गाशी जोडायचं होतं, तो रूळ गोदावरीच्या उत्तरेने गेला. बार्शीची लाइन दक्षिणेने गेली. बीड दोन्हींच्या मधे, बालाघाटाच्या कुशीत राहिलं. पश्चिमेला नगर, तिथे रेल्वे होती, पण ते इंग्रजांच्या हद्दीत आणि बीड निजामाच्या. सरहद्द ओलांडून रूळ टाकण्यात दोघांनाही फायदा दिसला नसावा, असं माझं मत. सरहद्द 1948 ला पुसली, तरी नगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग मंजूर व्हायला 1995 च्या आसपासचा काळ उजाडला, आणि बीड शहरात प्रवासी गाडी आली ती 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनी. जमीन मिळवणं आणि पैसा थेंबाथेंबाने येणं, यात तीस वर्षं गेली.

मोटार मात्र लवकर आली. हैदराबाद संस्थानात 1932 पासून सरकारी बस होती, रेल्वे खात्यानेच 27 गाड्यांवर सुरू केलेली. तिकडे मुंबई राज्याची पहिली येष्टी पुणे-नगर धावली 1 जून 1948 ला. ‘मागास’ म्हटलं जाणारं आपलं संस्थान या एका बाबतीत 16 वर्षं पुढे होतं, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. मोटारीला रूळ लागत नाहीत, कच्च्या वाटेवर निदान आठ महिने ती जाते, म्हणून ती आधी पोचली. उरलेल्या चार महिन्यांचं काय, हा प्रश्न बाकी होता.

तो सोडवला दुष्काळाने. मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश माणसाने 1820 च्या सुमारास सांगून ठेवलं होतं की भार शेवटी खालची मूळ जमीनच पेलते. वरच्या फोडलेल्या खडीचं काम तिला कोरडी ठेवणं. पण खडी फोडायची कुणी? 1972 ला फोडली मराठवाड्याने. मी तेव्हा सतरा वर्षांचा. आई पहाटे भाकरी बांधून खडी केंद्रावर जायची. दगड एका कड्यात धरायचा, म्हणजे कपचा डोळ्यात उडत नाहीत, आणि हातोडीने फोडायचा. कारकून हाताला येईल तो तुकडा दोन इंची कडीतून घालून बघायचा. अडकला तर ढीग परत. मस्टरवर अंगठा, पोरांना सुकडी, घरी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. पुढे अभियंता म्हणून जुना रस्ता उकरला की खाली ती हाताने फोडलेली खडी लागायची. यंत्राच्या खडीपेक्षा ती वेगळी दिसते, कडा असमान. कामगारांना मी ती बाजूला काढून पुन्हा वापरायला लावायचो.

यानंतरचं तुम्ही पाहिलंच आहे. डांबर आलं, मागोमाग काळी-पिवळी जीप, टमटम, फटफटी. 1985 ला औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना निघाला. जालन्यावरून समृद्धी महामार्ग गेला, 701 किलोमीटर, 5 जून 2025 ला शेवटचा टप्पाही खुला झाला. सिमेंटची ही चाकोरी एवढी पक्की की खाली काळी माती आहे हे विसरायला होतं. दुचाकीला तिथे बंदी आहे, त्यामुळे वाळूजची मोटारसायकल समृद्धीवरून ट्रकात बसून जाऊ शकते, स्वतःच्या चाकांवर नाही. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात ती ही.

आणि दसरा-दिवाळीला त्याच जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टायरगाड्या, म्हणजे रबरी चाकांच्या बैलगाड्या, निघतात. रबरी टायर लागल्यापासून गाडीने चाकोरी पाडणं सोडलं, डांबर कापणं सोडलं, बैलांना ओझंही जास्त ओढवतं. पण संसार, कोंबड्या आणि लेकरं तशीच वर बसलेली. आषाढीला पैठणहून नाथांची पालखी पायी निघते, तीही त्याच रस्त्यांच्या कडेने. ज्याला तुम्ही शिडीची पहिली पायरी म्हणता ती आणि मोटारीची, दोन्ही एका दिवशी एका फाट्यावर उभ्या दिसतात.

मुलांना काय दाखवू, असंही तुम्ही विचारलंय. तेरचं संग्रहालय दाखवा. गावची जुनी पाणंद दाखवा आणि ती कुठे वळते, तिथे दोन हात खणायला लावा. नदीचा उतार कुठे होता ते म्हाताऱ्यांना विचारून यायला सांगा. सहल जालन्याकडून जाणार असेल तर माझ्या घरी या. आजोबांचं शेवटचं चाक अंगणात भिंतीला टेकवून ठेवलंय. त्यातला एक आरा तुटला होता, तो मी निवृत्तीनंतर घडवून बसवला. बारातला तो कोणता, हे पोरं हात फिरवून पाचच मिनिटांत सांगतात.